बीईटी अवॉर्ड्स: तेच तेच विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची सविस्तर उत्तरं

हा शो नेमका आहे तरी काय?

अमेरिकेत बीईटी म्हणून एक केबल चॅनल आहे, पूर्ण नाव ब्लॅक एंटरटेनमेंट टेलिव्हिजन, त्यांचा हा दरवर्षीचा अवॉर्ड सोहळा. २००१ पासून चालू आहे. हिप-हॉप, आर अँड बी, सोल, गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं) अशा सगळ्या ब्लॅक संगीतातल्या लोकांचं कौतुक इथे होतं, सिनेमातल्या नट-नट्यांना आणि खेळाडूंनाही अवॉर्ड असतात पण शोचा जीव संगीतातच आहे. ट्रॉफ्या वाटण्यात फार वेळ घालवत नाहीत, बहुतेक वेळ स्टेजवर गाणं आणि नाचच चालू असतं, त्यामुळे कोण जिंकलं याच्याशी काही देणंघेणं नसलं तरी बघायला मजा येते.

पहिला शो १९ जून २००१ ला लास वेगासमध्ये झाला, स्टीव्ह हार्वी आणि सेड्रिक द एंटरटेनर या दोन कॉमेडियन्सनी होस्ट केला होता. पुढच्या वर्षीपासून मुक्काम लॉस एंजेलिसला हलला तो आजतागायत तिथेच. वेळ शक्यतो जूनमधलीच असते, आणि जून हा तिकडे ब्लॅक म्युझिक मंथ म्हणून पाळतात, १९७९ साली प्रेसिडेंट कार्टरच्या काळात ते सुरू झालं.

चॅनल कुणी काढलं? आणि ते अजून ब्लॅक मालकीचं आहे का?

रॉबर्ट जॉन्सन या ब्लॅक उद्योजकाने, जानेवारी १९८० मध्ये. सुरुवातीला दुसऱ्याच्या चॅनलवर आठवड्यातून फक्त दोन तास मिळायचे, स्वतःचं पूर्णवेळ चॅनल व्हायला १९८३ उजाडलं. १९९१ मध्ये कंपनी न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर लिस्ट झाली, ब्लॅक लोकांच्या ताब्यातली तिथे लिस्ट झालेली ती पहिली कंपनी. मग २००० साली व्हायाकॉमने साधारण तीन अब्ज डॉलर्सला ती विकत घेतली, आता ती पॅरामाउंटच्या छत्राखाली आहे.

म्हणजे मालकी गेली. गंमत बघा, अवॉर्ड्स सुरू झाले तेच या विक्रीनंतर, त्यामुळे "नाव ब्लॅक, पैसा दुसऱ्याचा" ही टीका अगदी पहिल्या वर्षापासून आहे आणि ती चुकीची आहे असं मला वाटत नाही. तरी शो बनवणारी, त्यात गाणारी, समोर बसून टाळ्या वाजवणारी माणसं कोण आहेत ते बघितलं की हा शो कुणाचा आहे हे कळतंच.

ग्रॅमी असताना वेगळा शो कशाला? हा उलटा वर्णद्वेष नाही का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा निवांत सांगते.

एमटीव्ही हे गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारं चॅनल १९८१ मध्ये सुरू झालं तेव्हा पहिली दोनेक वर्षं त्यावर ब्लॅक कलाकार जवळजवळ दिसायचेच नाहीत, कारण काय तर म्हणे आमचं चॅनल रॉकचं आहे. १९८३ मध्ये डेव्हिड बोवी, म्हणजे गोरा ब्रिटिश रॉकस्टार, त्याने एमटीव्हीच्याच मुलाखतीत कॅमेऱ्यासमोर मुलाखत घेणाऱ्यालाच विचारलं की तुमच्याकडे इतके कमी ब्लॅक कलाकार का दाखवता, आणि समोरच्याला धड उत्तर देता आलं नाही. त्याच वर्षी मायकल जॅक्सनचे व्हिडिओ लागायला लागले आणि दार किलकिलं झालं.

ग्रॅमीचं, म्हणजे अमेरिकेतल्या संगीताच्या सगळ्यात मोठ्या अवॉर्डचं बघायचं तर रॅपसाठी पहिला अवॉर्ड द्यायला त्यांना १९८९ उजाडलं, तोवर रॅप देशभर गाजत होतं. आणि दिला तोही टीव्हीवर न दाखवता. ज्यांना तो मिळाला त्या डीजे जॅझी जेफ आणि फ्रेश प्रिन्स (हाच आपल्याला सिनेमातून माहीत असलेला विल स्मिथ) यांनी सोहळ्यावर बहिष्कार टाकला, बाकीही बरेच रॅपर्स गेले नाहीत. बरं ही सगळी जुनी गोष्ट झाली म्हणाल तर अल्बम ऑफ द इयर, म्हणजे ग्रॅमीतला सगळ्यात मानाचा अवॉर्ड, १९९९ मध्ये लॉरिन हिल या ब्लॅक गायिकेला मिळाला आणि त्यानंतर पुढच्या ब्लॅक बाईला, म्हणजे बियॉन्सेला, तो मिळाला २०२५ मध्ये. मधे २६ वर्षं गेली. आणि ही तीच बियॉन्से जिच्याकडे जगात सगळ्यात जास्त ग्रॅमी आहेत! छोट्या छोट्या कॅटेगऱ्यांमध्ये झोळी भरायची आणि मुख्य अवॉर्डच्या वेळी दुसऱ्याचं नाव घ्यायचं, असं वर्षानुवर्षं चाललं.

त्यामुळे "उलटा वर्णद्वेष" म्हणणाऱ्यांना माझं सरळ म्हणणं आहे की ज्या घरात तुम्हाला ओसरीवरच बसवतात तिथे आत कधी बोलावतील याची वाट बघत बसण्यापेक्षा स्वतःचं घर बांधणं यात कुणाचा द्वेष नाही. आणि या घराचं दार बंदही नाही, ते पुढे येतंच आहे.

याआधी असा शो नव्हताच का?

होता की. सोल ट्रेन म्युझिक अवॉर्ड्स, १९८७ पासून. डॉन कॉर्नेलियस नावाचा भारदस्त आवाजाचा माणूस, त्याने १९७० मध्ये शिकागोच्या लोकल टीव्हीवर 'सोल ट्रेन' हा नाचगाण्याचा कार्यक्रम सुरू केला, पुढच्या वर्षी तो देशभर दिसायला लागला आणि त्यातूनच पुढे हे अवॉर्ड्स निघाले.

इथली एक गोष्ट मला कायम अस्वस्थ करते. १९८९ च्या सोल ट्रेन अवॉर्ड्समध्ये नॉमिनेशन्स वाचताना गायिका व्हिटनी ह्यूस्टनचं नाव आलं आणि हॉलमधल्या काही लोकांनी तिची हुर्यो उडवली. का, तर हिचं गाणं गोऱ्यांना आवडेल असं पॉप झालंय, ही आपली राहिली नाही. चर्चमध्ये गॉस्पेल गात वाढलेली मुलगी ती, आई गॉस्पेल गायिका, आणि तिला आपल्याच माणसांकडून हे ऐकावं लागलं. ते तिच्या मनाला फार लागलं होतं. १२ वर्षांनी बीईटीने पहिला शो केला आणि त्यात पहिला लाइफटाइम अचिव्हमेंट अवॉर्ड कुणाला दिला? व्हिटनीला. आपल्या माणसांचा शो म्हणजे सगळं गोडगोडच असतं असं नाही, आपली माणसं जास्त दुखवतात पण, म्हणून त्यांनी दिलेल्या त्या अवॉर्डला वेगळं वजन आहे.

सोल ट्रेन अवॉर्ड्स २००७ नंतर थांबले, २००९ मध्ये बीईटीच्याच कंपनीने परत सुरू केले आणि २०२५ मध्ये ते आणि बीईटी हिप-हॉप अवॉर्ड्स दोन्ही स्थगित केल्याचं जाहीर झालं. केबल टीव्हीचे दिवस वाईट आहेत. वाईट वाटतं खरं.

फक्त ब्लॅक कलाकारांनाच मिळतो का?

नाही. २०१५ मध्ये बेस्ट न्यू आर्टिस्ट सॅम स्मिथला मिळाला, गोरा ब्रिटिश गायक. एमिनेम इथे गायलाय, जॅक हार्लो गायलाय, दोघंही गोरे रॅपर. संगीत ब्लॅक परंपरेतलं असलं आणि लोकांनी आपलं मानलं की झालं.

विजेते कोण ठरवतं?

व्होटिंग अकॅडमी आहे, त्यात संगीत, टीव्ही, सिनेमा, पत्रकारिता, सोशल मीडिया वगैरेंतले लोक आणि काही चाहतेही असतात. व्ह्यूअर्स चॉइस हा अवॉर्ड तेवढा प्रेक्षकांच्या ऑनलाइन मतांवर ठरतो, आणि नेमका त्याच्यावरच २०११ मध्ये गोंधळ झाला होता, स्टेजवरून विजेत्याचं नावच चुकीचं वाचलं गेलं. सगळ्यात जास्त बीईटी अवॉर्ड्स कुणाकडे म्हणाल तर बियॉन्सेच.

लाइफटाइम अचिव्हमेंटचं एवढं कौतुक का असतं?

कारण तिथेच या शोचं खरं काळीज आहे. एक ट्रॉफी देऊन पाच मिनिटांत खाली उतरवत नाहीत, त्या माणसाची गाणी पुढच्या पिढीचे लोक त्याच्यासमोर उभं राहून गातात आणि तो किंवा ती पहिल्या रांगेत बसून ऐकते. ग्लॅडिस नाइट, चाका खान, प्रिन्स, अनिता बेकर, मेरी जे. ब्लाइज, क्वीन लतिफा, बस्टा ऱ्हाइम्स, अशर, यादी मोठी आहे.

पण २००३ चं सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या वर्षी अवॉर्ड होता जुना सोल गायक जेम्स ब्राउनला. त्याचा एक ठरलेला प्रकार असायचा, गाता गाता शेवटी तो दमून गुडघ्यावर कोसळायचा, मागून त्याचा माणूस येऊन खांद्यावर केप, म्हणजे पाठीवर घ्यायचा झगा, टाकायचा, हळूहळू विंगेकडे घेऊन जायला लागायचा आणि हा मधेच केप झटकून परत माइककडे धावायचा, पब्लिक वेडं व्हायचं, हे असं किती वर्षं! तर २००३ ला तो स्टेजवर गात होता आणि मागून केप घेऊन आला तो मायकल जॅक्सन. कुणाला आधी सांगितलं नव्हतं. हॉलमध्ये एकच कल्ला. लहानपणी ज्याचे पाय बघून मायकल नाचायला शिकला त्याच्या खांद्यावर त्याने स्वतःच्या हाताने केप घातली, मग दोघं नाचले, आणि नंतर अवॉर्डही त्यानेच दिला आणि माझ्यावर या माणसाएवढा प्रभाव दुसऱ्या कुणाचा नाही असं म्हणाला. मायकल तेव्हा सत्तर एक वर्षांच्या आपल्या गुरूसमोर एखाद्या शाळकरी पोरासारखा दिसतो, तो चेहरा नक्की बघा. जेम्स ब्राउन २००६ च्या ख्रिसमसला गेला. म्हणजे हे जिवंतपणी झालं, त्याच्या डोळ्यांदेखत झालं, गेल्यावर फोटोला हार घालून नाही.

२००९ च्या शोबद्दल सगळे एवढं का बोलतात?

गुरुवार २५ जून २००९ ला मायकल जॅक्सन गेला. बीईटी अवॉर्ड्स होते रविवारी २८ ला. सगळी तयारी झालेली, रिहर्सल चालू, आणि तीन दिवसांत त्यांनी अख्खा शो उलटापालटा करून मायकलला अर्पण केला. त्याच्या जाण्यानंतरचा टीव्हीवरचा पहिला मोठा कार्यक्रम तो.

सुरुवात न्यू एडिशन या ग्रुपने केली, जॅक्सन फाइव्हच्या, म्हणजे मायकल लहानपणी भावांसोबत ज्यात गायचा त्या ग्रुपच्या गाण्यांनी. होस्ट जेमी फॉक्स मायकलचे कपडे बदलून बदलून घालत होता, आणि तो म्हणाला की हा माणूस आमचा होता आणि आम्ही तो सगळ्या जगासोबत वाटून घेतला. यावरून नंतर वाद झाला, मायकल सगळ्या जगाचा होता असं कसं म्हणता वगैरे. मला ते वाक्य अजिबात खटकत नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांना पहिला हंबरडा फोडू द्यावा ना, शेजारपाजार नंतर.

शेवटी मायकलची बहीण जॅनेट जॅक्सन आली, पांढऱ्या कपड्यात, बोलणं दोन-तीन वाक्यांचं, की तुमच्यासाठी मायकल आयकॉन असेल, आमच्यासाठी तो घरचा माणूस आहे. आवाज फुटला होता तिचा. जेमी फॉक्स तिच्या शेजारी उभा होता.

आणि एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. हा शो झाला श्राइन ऑडिटोरियममध्ये. जानेवारी १९८४ मध्ये पेप्सीच्या जाहिरातीचं शूटिंग चालू असताना मायकलच्या केसांना आग लागली होती ती याच हॉलमध्ये, आणि त्यानंतर साधारण महिन्याभराने एका रात्रीत ८ ग्रॅमी घेतले तेही याच हॉलमध्ये. सगळं एकाच छपराखाली. त्या रात्री हा शो एक कोटीहून जास्त लोकांनी बघितला, इतका प्रेक्षक या शोला आधी नव्हता आणि नंतरही मिळाला नाही.

गाण्याच्या शोमध्ये राजकारण कशाला आणतात?

ज्यांच्या रोजच्या जगण्यातच ते आहे त्यांनी ते बाहेर ठेवून यायचं कसं? २०१६ मध्ये अभिनेता जेसी विल्यम्सला ह्युमॅनिटेरियन अवॉर्ड मिळाला आणि त्याने पोलिसांच्या हातून मरणाऱ्या ब्लॅक लोकांबद्दल असं काही भाषण केलं की हॉल उभा राहिला, आणि दुसऱ्या बाजूने त्याला त्याच्या मालिकेतून काढा म्हणून ऑनलाइन याचिकाही निघाली. काढलं नाही त्याला.

२०२० चं वर्ष तर विचारूच नका. कोविडमुळे हॉल नाही, प्रेक्षक नाहीत, आणि जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेल्याला जेमतेम महिना झालेला. शोची सुरुवात एका १२ वर्षांच्या मुलाने केली, मला फक्त जगायचंय असं गाणारा तो मुलगा, आणि त्याला लागूनच पब्लिक एनिमी या जुन्या रॅप ग्रुपने नव्या रॅपर्सना घेऊन आपलं ३० वर्षांपूर्वीचं व्यवस्थेशी लढायला सांगणारं गाणं नव्याने केलं. रॅपर डाबेबी जमिनीवर आडवा, गाल रस्त्याला टेकलेला, मानेवर पोलिसाच्या वेशातल्या माणसाचा गुडघा, आणि तशाच अवस्थेत तो रॅप करतोय. त्या वर्षी हा शो पहिल्यांदाच सीबीएस या मोठ्या राष्ट्रीय चॅनलवरही एकाच वेळी दिसला, म्हणजे ज्यांनी कधी बीईटी लावलं नसेल त्यांच्याही घरात ते गेलं. स्टेज नसताना केलेला हा शो मला कितीतरी स्टेजवरच्या शोंपेक्षा वरचा वाटतो.

२०२५ मध्येही लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर स्थलांतरितांच्या धरपकडीविरुद्ध निदर्शनं चालू होती, सैनिक उतरवले होते, आणि त्याच शहरात शो. रॅपर डोचीने अवॉर्ड घेतल्यावर बाहेर काय चाललंय त्यावरच बोलली.

आफ्रिकेतल्या कलाकारांना पण मिळतो का?

हो, आंतरराष्ट्रीय कलाकारांसाठी अवॉर्ड २०१० पासून आहे. पण बरीच वर्षं आफ्रिकन विजेत्यांना मुख्य शोच्या आधी, टीव्हीवर न दाखवता ट्रॉफी द्यायचे आणि त्यावरून त्यांची नाराजी होती, अगदी रास्त नाराजी. ग्रॅमीने रॅपचं जे केलं तेच इथे आपल्या आफ्रिकन भावंडांचं झालं म्हणायचं. नंतर सुधारलं. २०१९ मध्ये नायजेरियाचा बर्ना बॉय जिंकला तेव्हा त्याच्या वतीने त्याची आई स्टेजवर आली आणि समोर बसलेल्या अमेरिकन ब्लॅक लोकांना म्हणाली, लक्षात ठेवा, तुम्ही दुसरं काहीही होण्याआधी आफ्रिकन होता. टाळ्यांचा कडकडाट. पुढची दोन वर्षंही तोच जिंकला, मग २०२२ ला टेम्स, २०२४ ला दक्षिण आफ्रिकेची टायला.

वाद होतात का?

दरवर्षी. २०२२ मध्ये रॅपर लिल नास एक्सला, जो उघडपणे गे आहे, एकही नॉमिनेशन नव्हतं आणि तो जाहीरपणे भडकला. आदल्याच वर्षी त्याने याच स्टेजवर आपल्या डान्सरचं चुंबन घेतलं होतं त्यामुळे चर्चा तर होणारच. २०२२ च्या शोला जॅक हार्लो लिल नासचा फोटो असलेला टी-शर्ट घालून आला. माझं मत विचाराल तर बीईटीचं इथे चुकलं. ज्या शोचा जन्मच डावललेल्यांसाठी झाला त्याने कुणाला डावललं की ते दुप्पट टोचतं.

आपल्याकडच्या लोकांचा या सगळ्याशी काय संबंध?

वाटतो त्यापेक्षा जुना. १९३५ च्या सुमारास मुंबईच्या ताज हॉटेलात अमेरिकेतल्या ब्लॅक जॅझ वादकांचे बँड यायला लागले, लिऑन ॲबीचा बँड, नंतर पियानोवादक टेडी वेदरफोर्ड. अमेरिकेत ज्यांना कित्येक हॉटेलांत पुढच्या दाराने आत घेत नसत ते इथे ताजमध्ये मुख्य आकर्षण होते. गोव्याचे वादक त्यांना ऐकून, त्यांच्यासोबत बसून शिकले. हळदोण्याचा चिक चॉकलेट त्याच काळात ट्रंपेटवर तयार झाला, लोक त्याला हिंदुस्तानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, आणि तोच पुढे आपल्या सी. रामचंद्रांच्या, म्हणजे चितळकर अण्णांच्या 'अलबेला'च्या संगीतात वाजवत होता. भगवानदादा ज्यावर नाचले त्या ठेक्यात हे सगळं आहे.

आणि संगीताच्या पलीकडे बघायचं तर बाबासाहेबांनी १९४६ च्या सुमारास अमेरिकेतले ब्लॅक विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, आणि १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने दलित पँथर उभी केली ती ब्लॅक पँथर या अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांच्या लढाऊ संघटनेवरून नाव घेऊन. त्यामुळे आपल्या माणसांनी आपल्या माणसांना दिलेली दाद काय असते हे महाराष्ट्रात ज्यांनी भीमगीतांच्या सामन्याला रात्र रात्र बसून ऐकलंय त्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मायकल जॅक्सन तर १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीत येऊन नाचून गेलाय, ते बघितलेले लोक अजून त्याबद्दल बोलताना थांबत नाहीत.

भारतातून बघायचं तर किती वाजता?

अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावर रात्री ८ ला सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच. रविवारी असला तर आपली सोमवारची सकाळ. बरीचशी परफॉर्मन्सेस नंतर बीईटीच्या यूट्यूब चॅनलवर येतात, त्यामुळे झोपमोड नको असेल तर दुपारपर्यंत थांबा.

मी कधीच बघितला नाहीये, कुठून सुरू करू?

अख्खा शो लावून बसू नका, कंटाळा येईल. आधी २००३ ची जेम्स ब्राउन-मायकलची क्लिप. मग २०१० चा गायक-गिटारवादक प्रिन्सचा सत्कार, ज्यात जनेल मोने, एस्पेरान्झा स्पॉल्डिंग, अलिशिया कीज आणि पॅटी लाबेल एकेक करून त्याची गाणी गातात आणि तो समोर बसून बघतोय. अलिशिया तेव्हा गरोदर होती तरी पियानोवर चढली, पॅटी लाबेलने तर गाता गाता बूट भिरकावून दिले. प्रिन्सचा चेहरा सहसा काही सांगत नाही पण तिथे सांगतो. त्यानंतर २०१६ चा शो लावा, प्रिन्स एप्रिलमध्ये गेला होता. दुसऱ्या एका मोठ्या अवॉर्ड शोने त्याला दिलेली श्रद्धांजली लोकांना फिकी वाटली होती, तेव्हा बीईटीने ट्वीट करून सांगितलं होतं की आम्ही बघितलं, काळजी करू नका, आम्ही आहोत. आणि खरंच, पूर्ण शोभर मधे मधे त्याची गाणी येत राहतात, स्टीव्ही वंडर, जेनिफर हडसन, मॅक्सवेल, आणि सगळ्यात शेवटी शीला ई., प्रिन्ससोबत वाजवलेली ड्रमर. क्रम मात्र हाच ठेवा, २०१० आधी आणि २०१६ नंतर, आणि शीला ई. चा भाग हेडफोन लावून ऐका.